पाण्याचा कस

'कस लावणे' हा सोनाराच्या दुकानातून आपल्या भाषेत आलेला शब्दप्रयोग. सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतात. पण त्या दगडाची परीक्षा कोण करतो, असे सहसा कुणी विचारत नाही. वाङ्मयाच्या अध्यापकाला तर हा प्रश्न अडचणीचाच. आपण कृती तपासतो, उत्तरपत्रिका तपासतो. तपासण्याचे साधन मात्र क्वचितच तपासतो. या प्रश्नाचा अत्यंत काटेकोर विचार मला पाहायला मिळाला तो न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या दिवाणखान्यात, जिवंत प्रवाळांच्या टाकीपाशी. २०२३च्या उन्हाळी सुटीत मी महिनाभर त्याच्याकडे होते.

आपल्याला पोवळे ठाऊक असते ते अंगठीतले. जिवंत प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे अशी टाकी आपल्याकडे सहसा दिसत नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो आपला सांगाडा रचतो. समुद्रात त्याला या द्रव्यांची ददात नसते. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने तपासले. १८८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खारटपणा कमी-अधिक असला तरी मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते, असे त्यांतून दिसले. म्हणजे महासागरात एक गोष्ट मोजली की इतरांचा अंदाज बांधता येतो.

काचेच्या टाकीत ही सोय उरत नाही. तिथे प्रवाळ रोज थोडे थोडे पाणी 'खात' असतात, आणि मागून भर घालायला महासागर नसतो. म्हणून प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मोजावा लागतो. त्यात सर्वांत महत्त्वाची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता. ती डीकेएच या जर्मन एककात सांगतात. समुद्राच्या पाण्यात ती ७च्या आसपास असते, टाकीत ७ ते ११ ठेवतात. सांगाडा वाढताना अल्कलिनिटी २.८ने उतरली, तर कॅल्शियम लिटरमागे केवळ २० मिलिग्रॅमने उतरते. कॅल्शियम मुळात ४२०च्या घरात असल्याने ही घट सामान्य चाचणीत लक्षातही येत नाही. आठावर असलेली अल्कलिनिटी मात्र एक तृतीयांशाने घटलेली असते. टाकीतली उलथापालथ आधी इथे दिसते. हा आकडा वेगाने वर-खाली झाला, तर प्रवाळाच्या ऊती सुटून पांढरा सांगाडा उघडा पडतो.

मोजण्याची क्रिया दिसायला सोपी. ठरावीक पाणी कुपीत घ्यायचे, रंगद्रव्य टाकायचे, मग आम्लाचा एकेक थेंब सोडत रंग पालटण्याची वाट पाहायची. पण एवढ्याशा क्रियेला किती पथ्ये! कुपी आधी टाकीच्याच पाण्याने विसळायची. पाण्याची पातळी डोळ्यांसमोर धरून, वक्राच्या तळाशी वाचायची. "ताई, बाटली उभी धर. तिरकी धरलीस की थेंब लहान-मोठा पडतो," असे भावाने मला पहिल्याच दिवशी सांगितले. बाटली कधी उघडली, ती तारीख तिच्यावर लिहिलेली. चाचणीची वेळही ठरलेली. कारण दिवसा प्रकाशात प्रवाळांतली सूक्ष्म शैवाले कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि पाण्याचा पीएच चढतो, रात्री तो उतरतो. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून काय निष्पन्न होणार?

एके दिवशी दोन वेगळ्या संचांनी एकाच पाण्याची अल्कलिनिटी ७.३ आणि ८.९ अशी दाखवली. भावाने दोन्ही चाचण्या तीन-तीनदा केल्या. दोन्ही संच आपापल्या आकड्याला चिकटून राहिले. पुन्हा पुन्हा तेच उत्तर देणे हा नेमकेपणा. ते उत्तर खरे असणे ही अचूकता. या दोहोंत आपण फार गल्लत करतो. ठाम स्वर आपल्याला सत्याचा वाटतो. "आकड्याची खात्री होईपर्यंत टाकीत काही घालायचं नाही," एवढे म्हणून त्याने मूल्य आधीच माहीत असलेले प्रमाण द्रावण काढले. त्या ८.० अल्कलिनिटीच्या द्रावणात पहिला संच ८.० म्हणाला, दुसरा ९.६. दुसऱ्यावर विसंबून राहिले असते तर टाकीत सारे आबादीआबाद वाटत राहिले असते, आणि पाणी खाली खाली जात राहिले असते.

खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचीही तीच कथा. शुद्ध पाण्याने त्याचा शून्य जुळवता येतो; पण समुद्राचे पाणी हजारी सुमारे ३५ भाग खारट असते, आणि शून्यापाशी बरोबर असलेले यंत्र पस्तिसापाशी बरोबर असेलच असे नाही. म्हणून जिथे वाचायचे, तिथलाच प्रमाणक लागतो.

फॉस्फेटच्या चाचणीत तर वाचकच साधन होतो. फिकट निळ्या छटा छापील पट्टीशी जुळवायच्या असतात. भावाने ०.०३ वाचले, त्याच्या मुलीने ०.१, मला दोन्हींच्या मधले काही दिसले. आस्वादाच्या तासाला आपण इथे 'प्रत्येकाची दृष्टी वेगळी' म्हणून थांबतो. तिथे मात्र पट्टी खिडकीजवळच्या उजेडात नेली, मागे पांढरा कागद धरला, आणि मतभेद बराच आटोक्यात आला. पुरता मिटला नाही, हेही खरे. विजेवर चालणारा मापक आणला तरी कुपीवर बोटाचा ठसा असला की तोही फसतो. शिवाय त्याच्या माहितीपत्रकात त्रुटीची मर्यादा छापलेली असते. ती ०.०२ असेल, तर ०.०३ आणि ०.०५ हे वेगळे आहेत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नसतो.

हे ऐकताना मला मध्यवर्ती मूल्यांकनाचे टेबल आठवत होते. एकाच निबंधाला एक परीक्षक ५२ गुण देतो, दुसरा ६१; दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक. आमच्याकडे त्रुटीची मर्यादा कुठेच छापलेली नसते, आणि ३९ व ४० यांच्या मधे एखाद्या मुलाचे वर्ष असते. गठ्ठा फोडण्यापूर्वी सर्वांनी मिळून चार-पाच उत्तरपत्रिका वाचाव्यात, गुण ताडून पाहावेत, अशी सूचना आली की तिला वेळखाऊ उपचार म्हणून नाके मुरडली जातात. खरे तर तेच आमचे प्रमाण द्रावण. समीक्षेतही कोणतीही नवी उपपत्ती अपरिचित कृतीला लावण्यापूर्वी, जी कृती आपण वर्षानुवर्षे वाचली आहे, तिच्यावर ती काय उत्तर देते हे पाहून घ्यायला काय हरकत आहे?

भावाच्या वहीत तारीख, वेळ, आकडा आणि संचाचे नाव अशा चार रकान्यांनंतर पाचवा रकाना आहे. त्यात त्या दिवशी कोणते प्रवाळ उमलले होते आणि कोणते मिटलेले, याची नोंद असते. आकडा चांगला आणि प्रवाळ मिटलेले, असे दिसले की तो आधी चाचणी पुन्हा करतो.