कॉर्ड न बदलणारा माणूस

चरणजित सिंग यांचं नाव निघालं की बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते: शिकागोच्या पोरांनी ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत जन्माला घातलं, त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईतल्या एका वादकानं तसलंच काहीतरी वाजवून ठेवलं होतं. गोष्ट खरी आहे, पण ती ऐकताना मला दर वेळी खटकतं. त्यात या माणसाच्या कामाचं मोल शिकागोवरून ठरतं.

चरणजितजी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. गिटार, बास, की-बोर्ड, जे हातात येईल ते वाजवणारे. संगीतकार सांगेल ते चटकन उचलायचं, पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये बिनचूक द्यायचं आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचं, हा त्या पेशाचा शिरस्ता. फिल्मी गाण्यांच्या धुनांच्या तबकड्याही त्यांनी काढल्या. 1982 साली त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ केली. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. तबल्याच्या जागी डिस्कोचा ठेका. तबकडी फारशी खपली नाही.

आपल्याकडे प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत याआधी झालं नव्हतं असं नाही. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर काम केलं. पण तो संस्थेच्या चार भिंतींतला मार्ग होता. चरणजितजी बाजारातून यंत्रं विकत आणून घरी बसून शिकले.

ही यंत्रं माझ्या रोजच्या कामातली, म्हणून थोडं थांबून सांगतो. तिन्ही रोलँड कंपनीची. टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र. त्यात खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नाही. विजेच्या मंडलाला क्षणभर धक्का दिला की ते घुमतं आणि हळूहळू विरतं, तोच त्याचा ढोल. टीबी-303 हे बासचं यंत्र. एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात स्वर एकीकडे भरायचे, लय दुसरीकडे. आणि प्रत्येक स्वराला ‘स्लाइड’ द्यायचा की नाही ते आपण ठरवायचं. स्लाइड दिला की आवाज एका स्वरावरून पुढच्यावर न तुटता सरकतो. हार्मोनियमला न जमणारी गोष्ट हे डबडं सहज करतं. तिसरा ज्युपिटर-8, धून वाजवायला. 808 चा ठोका तारेतून बाकीच्या दोघांना दिला की तिन्ही एका लयीत चालतात. हे सगळं जुळतं कसं, हे चरणजितजींनी स्वतः करून पाहिलं आणि मग त्यावर राग मांडले.

आता माझा मुद्दा. माझं गाव वालूर, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, चक्राकार पायऱ्यांच्या बारवेचं. गावी गेलो की बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवणारा एक पोरगा भेटायला येतो. लग्नाच्या वरातीत एका हातानं ठेका सोडायचा, दुसऱ्यानं धून काढायची, मींड हवी तिथं डावा अंगठा स्वर वाकवणाऱ्या बेंडरवर, असा त्याचा धंदा. मी त्याला या तबकडीतला भैरव ऐकवला. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, “मामा, हा माणूस कॉर्डच बदलंना की!”

मी शिकवताना जे तासभर बोलतो, ते त्यानं एका वाक्यात पकडलं. पाश्चात्त्य नृत्यसंगीत कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, हालचालीवर पुढं सरकत होतं. रागाला ती गरज नाही. सा ठरला की ठरला. पुढचं सगळं त्याच्याभोवती. आणि एकच आकृती न थकता फिरवत राहणं हाच यंत्राचा स्वभाव. म्हणून राग आणि यंत्र यांचं इथं सहज जमलं. शिकागोत ‘फ्यूचर’ या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987 साली आलं, तेव्हा 303 चं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि जुनी यंत्रं स्वस्तात मिळत होती. ती पोरं 303 ची बटणं पिळत वेगळ्याच वाटेनं त्याच आवाजाशी पोचली. दोघांचं नातं जोडायची घाई कशाला?

सगळे राग सारखे उतरले आहेत असं मी म्हणणार नाही. तोडी मला कमकुवत वाटतो. तोडीचा कोमल गंधार गवई पट्टीवरच्या गंधारापेक्षा खाली लावतो आणि तिथंच रागाचा जीव असतो. बेंडरनं स्वर तिथवर नेता येतो, पण बेंडर सोडला की पट्टी पुन्हा आपल्याच जागी बोलते. भूप, कलावती, बैरागी हे पाच स्वरांचे राग मात्र यंत्राला मानवले.

2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली. 2010 मध्ये त्यानं ती नव्यानं काढली आणि चरणजितजी म्हातारपणी युरोपच्या मंचांवर हे राग वाजवू लागले. जुलै 2015 मध्ये मुंबईत ते गेले. पुनर्प्रकाशनानंतर त्यांच्याविषयी जे लिहून आलं, त्यातलं बरंचसं त्या शिकागोच्या योगायोगाभोवती फिरतं. ललत त्यांनी यंत्रावर कसा मांडला, याची चर्चा मला क्वचितच वाचायला मिळाली.

कुणाला ऐकायचं असेल तर मी कलावतीपासून सुरुवात करायला सांगतो. तिथं ठेका आणि राग दोन्ही लगेच ओळखीचे वाटतात. मग ललत आणि मालकंस. बास साधारणपणे सा आणि प या दोन खांबांवर उभा राहतो, आणि या दोन्ही रागांत पंचम वर्ज्य. तेव्हा धून काय करते ते दुसऱ्या खेपेला ऐका. पहिल्यांदा फक्त 303 कडे कान द्या आणि पंचमाविना तो सा च्या खाली कुठं पाय ठेवतो ते पाहा.