भोर-वेल्ह्याच्या वाटेवर कॅमेरा घेऊन

पुण्याहून सातारा रस्त्यानें निघून चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळलें, कीं मोटार आपोआपच संथ चालवावीशी वाटते. थोड्याच वेळांत नसरापूर लागतें. गांवाबाहेर दाट झाडींत बनेश्वराचें पेशवेकालीन देवालय आहे. तेथून पुढें गुंजवणीच्या खोऱ्यांत शिरलें म्हणजे राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले आळीपाळीनें डोंगरांआडून दर्शन देऊं लागतात. छायाचित्रांची हौस असणारानें हा रस्ता सकाळींच धरावा. वाट पश्चिमेस जाते, सूर्य पाठीशीं असतो आणि किल्ल्यांच्या पूर्वेकडील कड्यांवर कोवळें ऊन पडलेलें असतें. सायंकाळीं परततांना सूर्य पुनः पाठीशींच! प्रकाशाची इतकी सोय दुसऱ्या कोणत्या रस्त्यानें केली असेल, कोण जाणे. दुपारीं मात्र कॅमेरा पेटींत ठेवावा आणि एखाद्या झाडाखालीं शिदोरी सोडावी.

तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारें ४,६०० फूट उंच. राजगड तर राजधानी रायगडीं जाण्यापूर्वीं जवळजवळ पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. वेल्हे तालुक्यास २०२५ सालीं राजगडाचेंच नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं अजून वेल्हेंच आहे. अशा स्थळांचें चित्र घेण्याचा मोह कोणास आवरणार? परंतु खरें सांगावयाचें तर किल्ल्यांचीं चित्रें आतां इतकीं झालीं आहेत कीं, आपल्या चित्रानें भर पडते ती केवळ संख्येची. डोंगर उद्यांहि तेथेंच असणार. जें उद्यां कदाचित् दिसणार नाहीं, तें रस्त्याच्या खालच्या अंगास असतें.

तीं म्हणजे भातखाचरें. उन्हाळ्याअखेर येथील शेतकरी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतो; त्या भाजल्या जागीं पावसाच्या तोंडावर बीं पेरतात, आणि आषाढांत तें रोप उपटून पाण्यानें भरलेल्या खाचरांत लावतात. बैलांची चिखलणी, ओणव्या बायांची रांग, बांधावर ठेवलेल्या हिरव्यागार मुठी, आणि खाचराच्या पाण्यांत उलटा पडलेला डोंगर! पूर्वीं बायांच्या पाठीवर इरलें असे, आतां प्लॅस्टिकचा कागद असतो. चित्रास इरलें शोभतें हें खरें; परंतु दिवसभर पावसांत ओणवें राहणारीला आपल्या चित्राच्या शोभेशीं काय कर्तव्य? निळा-पिवळा कागद चित्रांत येतो तर येऊं द्यावा. चिखलणीहि आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्रानें होते. कित्येक खाचरें शहरांतील मंडळींनीं बंगल्यांसाठीं घेतलीं असून त्यांस भिंती पडल्या आहेत.

माणसांचें चित्र घ्यावयाचें असेल तर खालीं उतरून चार शब्द बोलावे. मोटारीच्या काचेआडून टिपून निघून जाणें म्हणजे परक्याच्या घरांत डोकावून पाहण्यासारखें आहे. एका आषाढांत अशाच एका बांधावर आम्हीं परवानगी मागितली, तेव्हां लावणी करणाऱ्या एक आजी कंबर सरळ करीत म्हणाल्या, “काढा की फोटू. पर आमास्नी कधी दिसायचा त्यो?” प्रश्न रास्त होता. या खोऱ्यांचीं चित्रें पुण्या-मुंबईच्या भिंतींवर लागतात. ज्यांचें शेत, त्यांच्या भिंतीवर किती असतील? छापील प्रत आणून देण्याचें आम्हीं कबूल केलें.

तेथून मागें महामार्गावर येऊन कापूरहोळावरून भोरास जातां येतें. पंत सचिवांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. त्यांचा राजवाडा अद्याप उभा आहे. आमचें मन मात्र भाटघरच्या जलाशयावर अधिक. वेळवंडी नदीवरील हें धरण १९२८ मध्यें पुरें झालें. त्यांत २३ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी राहतें व नीरेच्या कालव्यांनीं तें बारामती-फलटणकडील शेतांस जातें. पावसाळ्यानंतर निळ्या पाण्याचें चित्र कोणालाहि सुरेख साधतें. परंतु वैशाख-ज्येष्ठांत पाणी ओसरलें कीं कांबऱ्याचें जुनें शिवमंदिर उघडें पडतें आणि भेगाळलेल्या गाळाच्या मैदानांत एकटें उभें दिसतें. ज्यानें तें पाहिलें, त्यास निळ्या पाण्याचें चित्र पुनः पहिल्यासारखें दिसत नाहीं. उसाच्या मळ्यांस जाणाऱ्या त्या पाण्याखालीं कोणाच्या तरी देवाचें अंगण आहे, हें त्यास ठाऊक झालेलें असतें. म्हणून तलावाचीं दोन्हीं चित्रें घ्यावींत, आणि शेजारीं शेजारीं लावावींत.

दिवाळीनंतर कापणी चालू असतां आम्ही प्रत घेऊन त्या बांधावर गेलों. आजींच्या नातवाकडे मोबाईल होता, त्यांतहि चित्रें भरपूर होतीं. पण कागदावरचें चित्र हातीं येतांच आजींनीं तें पदरानें पुसलें. स्वतःकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं. बोट ठेवलें तें कोपऱ्यांतल्या बैलांवर. “ही आमची जोडी. गेल्या म्हैन्यात इकली. बरं झालं, हितं तरी ऱ्हायली.” मग पलीकडच्या आंब्याकडे मान वळवून म्हणाल्या, “त्यो बी घ्या. तिकडनं भिंत यायची हाय म्हनत्यात.”

दिवस कललेला होता आणि सूर्य पाठीशीं होता. आंबा घेतला, त्याच्या खालीं आजींना उभें केलें, आणि प्रती या वेळीं दोन काढावयाच्या ठरल्या.