शेजाऱ्याची सही



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे. एक कागद मात्र टेबलावर पडून होता, आणि तो तसा पडलेला असताना दुसरं काही लिहायला बसवत नव्हतं. म्हणून त्या कागदाबद्दलच लिहिते.

कागद साधाच. माझ्या पुतण्याने त्याच्या अंगणात साखरपुडे, बारशी, वाढदिवस, हळदी असे कार्यक्रम भाड्याने होऊ द्यायला लगतच्या घरमालकांची हरकत नाही, असा मजकूर. खाली तीन सह्यांच्या जागा. दोन झालेल्या. तिसरी माझी.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. (जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, पण आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडून अजून कधीकधी "जिल्हा अकोला" निघतंच.) गावठाणात सासऱ्यांचं घर. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली. विहीर आमच्याकडे आली, मोठं अंगण धाकट्या दिरांकडे गेलं. दीर आता नाहीत. त्यांचा मुलगा शेती बघतो. चार एकर सोयाबीन. त्या शेतीत काय उरतं ते आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्यांना सांगून पटणार नाही.

तर तीन वर्षांपूर्वी त्याने मुलीच्या वाढदिवसाला अंगणात मांडव घातला. सूनबाईंचा हात चांगला. फुगे, पडदे, रांगोळी, सगळं तिने केलं. पाहून गेलेल्या एकाने आपल्या घरच्या बारशासाठी अंगण मागितलं. त्याने जाताना हातावर दोन हजार ठेवले. मग खुर्च्या आल्या, मग रंगीत दिवे, मग गेटवर पाटी. मला मनापासून आनंद झाला होता, हे आधी कबूल करते. पहिल्या वर्षी मीच ओळखीच्या चारजणींना फोन करून "आमच्याकडे अंगण मिळतं" असं सांगितलंय.

माझं स्वतःचं लग्न १९७४ चं. माहेरचा मांडव दारातच होता, रस्ता अर्धा अडवून. भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला होता आणि तो दोन दिवस वाजत होता. वरातीचा जानोसा शेजारच्या तीन घरांत. त्यांच्या सतरंज्या, त्यांचे गंज, त्यांच्या बायका पोळ्या लाटायला. कोणाची परवानगी काढल्याचं ऐकलं नाही. तेव्हा कोणाची झोप मोडली नसेल असं नाही, पण ज्याची मोडली तो मांडवातच होता.

आता कायद्याचं. मास्तरकीची सवय, कागद समोर आला की त्यामागचं वाचल्याशिवाय राहवत नाही. शहरात विकास आराखडा असतो, नकाशावर राहण्याचा भाग पिवळ्या रंगात असतो, आणि त्या पिवळ्यात काय चालेल, किती रुंद रस्त्यावर चालेल, याची नियमावली असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबईसारखे काही भाग सोडून बाकीच्यांसाठी ती एकत्रच करून टाकली. तरी भांडणं मिटत नाहीत. माझी लेक पुण्यात कर्वेनगरला असते. तिच्याकडे म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या रस्त्यावर लग्नाच्या लॉन्सची रांग होती, आणि त्या आवाजापायी रहिवासी हरित लवादापर्यंत गेले. माझा भाचा न्यूजर्सीत राहतो. तो सांगतो, तिकडे घराचा वापर नियमाबाहेर करायचा असेल तर अर्जदाराला २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला नोटीस पाठवावी लागते आणि मग मंडळापुढे सुनावणी होते. शेजारी येऊन माइकवर बोलतात. मला ते ऐकून हेवा वाटला, खरं सांगते. नोटीस टपालाने येते. नाही म्हणायचं तर मंडळाला म्हणायचं, पुतण्याला नाही.

गावठाणात असा रंगीत नकाशा मी तरी पाहिला नाही. गावठाण हे आधीच वस्तीसाठी धरलेलं, त्यामुळे शेतजमिनीसारखी तिथे अकृषकची भानगड नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजायला सुरुवात झाली, पण त्यातून कळते ती हद्द. घरात कोण राहतं आणि काय चालतं ते त्यात येत नाही. वापराची नोंद झालीच तर ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, घरपट्टीपुरती. राहण्याचं घर व्यवसायाला लावलं की पट्टी वाढते, एवढंच. मग ठरवायचं कोणी? तर शेजाऱ्याने. शहरात जे काम पिवळा रंग करतो ते इथे माझी सही करणार होती, आणि ती मागायला आलेल्या मुलाला मी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवलेली.

आवाजाचा कायदा मात्र गावालाही तोच. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतो, अंगण काही बंदिस्त नाही. खासगी जागेतला आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरल्या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. आमच्या बाबतीत हद्द म्हणजे ती मधली भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे यांची खाट.

यांची बायपास झाल्याला चार वर्षं झाली. रात्री गोळी घेतल्यावर नऊ-साडेनऊला डोळा लागतो. एकदा मोडला की पहाटेपर्यंत टक्क जागे.

गेल्या वैशाखातली गोष्ट. पलीकडे हळद होती. साडेअकरा झाले तरी गाणी चालूच. खिडकीची तावदानं थरथरत होती. हे काही बोलले नाहीत, नुसते छातीवर हात ठेवून पडून राहिले. ते पाहून मीच चप्पल घातली आणि गेले. पुतण्याला म्हणावं, बाबा रे, आता पुरे. फाटकातून आत गेले तर एक चेहरा ओळखीचा नाही! सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, किन्हीराजाच्या बाजारात कोणी ना कोणी "बाई" म्हणून थांबतंच. आणि ज्या अंगणात मी सून म्हणून माप ओलांडलं, तिथे मला एकजण विचारतो, "कोन पाहिजे?"

वाजवणारा मुलगा विशी-बाविशीचा. उद्धट नव्हता. गाणं जरा कमी करून, वाकून म्हणाला, "आजी, बारा वाजेपर्यंत बोलनं झालं हाय आमचं. पैसे देल्ले."

त्याचं काय चुकलं? त्याचा व्यवहार झाला होता. पुतण्या तिथे नव्हता, किल्ली देऊन सासुरवाडीला गेला होता. मी परत आले. ११२ नंबर मला पाठ आहे. फिरवला नाही. घरच्या पोराच्या दारात पोलीस मी आणायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच दहानंतरची शांतता कायम केली आहे, हे सगळं खरं. पण तो नियम वापरायचा तर भिंतीपलीकडच्या माणसाशी उद्यापासून बोलणं बंद होणार, याचा हिशोब कुठल्याच नियमात नाही.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही. ती माझी चूक. बोलले असते तर पुढचं सोपं झालं असतं.

कारण दोन महिन्यांपूर्वी तो कागद घेऊन आला. अंगणावर पत्र्याचं शेड टाकायचंय, कर्ज काढायचंय. "मोठी आई, बँकवाले म्हन्तात ग्रामपंचायतचं पत्र आना, ग्रामपंचायतीत म्हन्तात शेजाऱ्याइचं लिहून आना. तुमची सही झाली की झालं." चहा प्याला, यांचे पाय चेपले थोडा वेळ, आणि कागद ठेवून गेला. मागून सूनबाई येऊन गेली. ती काही मागत नव्हती, फक्त म्हणाली की मुलीची अकरावीची वाशीमची फी यातूनच भरली. तेही मला माहीत होतं.

दोन महिने मी स्वतःशी भांडत होते. नाही म्हणावं तर त्याच्या पोटावर पाय. हो म्हणावं तर या खाटेवर. हे म्हणायचे, "कर सही, माझे किती दिवस राहिलेत." असं बोलणं ऐकून सही करायची म्हणजे तर आणखीच अवघड. नाशिकच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, स्पष्ट नाही सांगून टाक. लांबून स्पष्ट सांगता येतं.

शेवटी लक्षात आलं की मला त्रास कार्यक्रमाचा नव्हता. बारशाच्या दुपारी पलीकडून पाळणा ऐकू आला की हे खिडकी उघडायला सांगतात. त्रास होता तो त्या रात्री तिथे सांगण्याजोगं कोणी नव्हतं याचा. घरच्या कार्यात यजमान असतो, त्याला "आता पुरे" म्हणता येतं. भाड्याच्या कार्यात यजमान उद्या निघून जाणारा, आणि जागेचा मालक सासुरवाडीला.

म्हणून परवा त्याला बोलावलं. कागदावर मजकुराखाली मोकळी जागा होती तिथे माझ्या अक्षरात लिहिलं: रात्री दहाला वाद्य बंद. स्पीकर भिंतीकडे तोंड करून नको. गाड्या गल्लीत नाही, बाहेर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत. आणि कार्यक्रम चालू असताना तो किंवा सूनबाई, दोघांपैकी एकजण अंगणात हजर पाहिजे. मग त्याला वैशाखातली रात्र सांगितली. त्याला ठाऊकच नव्हती. खाली मान घालून ऐकत होता, चौथीत पाढे चुकल्यावर बसायचा तसाच.

मग म्हणाला, "पन अशा अटीवर हळदीसाठी कोन बुक करन, मोठी आई? लोकाइले रातचाच डीजे पाहिजे असते."

खरं आहे त्याचं. जास्त पैसे हळदीतच मिळतात. बारशात काय मिळतं? मी म्हटलं, मग हळदी घेऊ नको, किंवा दहाला बंद करणाऱ्याच्या घे. तो काही बोलला नाही. मी सही केली, अटींच्या खाली, वर नाही. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

ग्रामपंचायतीत दिला की नाही, मी विचारलेलं नाही. कदाचित अटींशिवायचा दुसरा कागद करून आणेल, कदाचित माझी जागा तशीच कोरी ठेवून प्रयत्न करेल. गेटवरची पाटी आहे तशी आहे.

काल संध्याकाळी सूनबाई आली होती. गुरुवारी दुपारी एक बारसं आहे, मोठी परात पाहिजे म्हणाली. माळ्यावरची काढून दिली, चिंचेने घासून. गुरुवारपर्यंत त्या कागदाचंही कळेल बहुतेक.