रेटेड किती, रनिंग किती?

मागच्या सेमिस्टरमध्ये चार महिने आमच्या विंगमध्ये माझं नाव 'हर्ट्झवाला' पडलं होतं. कारण अख्ख्या मजल्यावर 144 हर्ट्झचा मॉनिटर फक्त माझ्याकडे! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी खुर्चीत बसवायचो, माऊस गोल गोल फिरवून दाखवायचो आणि विचारायचो, "बघ, कुठे अडकतंय का?" माझा यवतमाळचा रूममेट मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "मले तं काहीच फरक दिसत नाही बे." त्यावर माझं उत्तर ठरलेलं, "त्याला नजर लागते, भाऊ!"

तर मित्रांनो, ही त्या नजरेचीच गोष्ट.

मॉनिटर घेतला दिवाळीनंतर, सीताबर्डीच्या एका दुकानातून. सोबत बाबा होते आणि पैसेही त्यांचेच. "प्रोजेक्टसाठी, ऑटोकॅडसाठी मोठी स्क्रीन लागते," असं मी घरी सांगितलं होतं. दुकानदाराने सरळ विचारलं, "गेमिंग के लिए है क्या?" मी बाबांकडे बघत घाईघाईने म्हटलं, "नहीं नहीं, पढ़ाई के लिए!" झालं! आता पुढे काय विचारणार? माझ्या ग्राफिक्स कार्डला कोणता मॉनिटर शोभेल, केबल कोणती घेऊ, सगळे प्रश्न पोटातच राहिले. समोर 75, 144 आणि 240 असे तीन मॉनिटर होते. 240 वाला सात हजारांनी महाग, म्हणजे माझी दोन महिन्यांची मेस. मी मधला उचलला. बाबांनी विचारलं, "ह्यात काय वेगळं?" मी म्हटलं, "डोळ्यांना त्रास कमी होतो."

आता माझे बाबा कोण? चंद्रपूरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी आहे. हर्ट्झ हा शब्द आमच्या घरी भाजी-पोळीसारखा रोजचा! तिथला जनरेटर मिनिटाला 3000 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 50, आणि म्हणून आपल्या होस्टेलच्या सॉकेटमध्येसुद्धा 50 हर्ट्झ. ग्रिडची फ्रीक्वेन्सी 49.90 ते 50.05 यामध्ये ठेवायची असा नियम आहे. एक दशांश हलला तरी लक्ष द्यावं लागतं. अशा माणसाला मी हर्ट्झ शिकवायला निघालो होतो!

मार्चमध्ये बाबा कामानिमित्त नागपूरला आले आणि रूमवर डोकावले. मी लगेच माऊस फिरवून दाखवला. "बाबा, 144 हर्ट्झ!" बाबांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ते झालं रेटेड. आत्ता रनिंग किती आहे?"

मी सेटिंग उघडलं. डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे लिहिलं होतं, 60 हर्ट्झ.

चार महिने! चार महिने मी 60 वर खेळत होतो आणि विंगभर 144 चं प्रवचन देत होतो. मॉनिटर जोडला की तो आपोआप सर्वात वरच्या आकड्यावर जातोच असं नाही, तो आकडा आपल्याला निवडावा लागतो. रूममेटने पलंगावरून जी उडी मारली ती थेट कॉरिडॉरमध्ये. पाच मिनिटांत पूर्ण विंगला बातमी! "हर्ट्झवाल्याचे डोये तपासा रे!"

मला वाईट एका गोष्टीचं वाटलं. ज्याला नजर नाही म्हणून मी हिणवत होतो, तो चार महिने खरं बोलत होता. आणि मी तरी मुद्दाम खोटं कुठे बोलत होतो? मला खरंच फरक 'दिसत' होता! स्क्रीन नवीन होती, मोठी होती, पैसे गेले होते. बाकीचं मनाने भरून काढलं.

मग आम्ही इंजिनीअरिंगचे विद्यार्थी शोभेल असं एक काम केलं. मी तोंड फिरवून बसायचो, रूममेट नाणं उडवून 60 किंवा 144 ठेवायचा आणि मी माऊस हलवून ओळखायचो. वीसपैकी एकोणीस बरोबर! म्हणजे फरक असतो, आणि चांगलाच असतो. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सिनियरचा 240 वाला मॉनिटर मागून आणला आणि त्याच्यावरच 144 की 240 हा खेळ केला. वीसपैकी बारा. नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी दहाच्या आसपास आलेच असते.

कारण गणितातच आहे. 60 ला एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 ला 6.9 आणि 240 ला 4.2. म्हणजे पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनही नाहीत. आकडा मोठा होत जातो, फायदा मात्र लहान होत जातो. स्पर्धेत उतरणाऱ्याला तेवढेही मोलाचे असतील, माझ्यासारख्याला नाहीत.

दुसरं म्हणजे कार्ड. माझं कार्ड व्हॅलोरंटमध्ये दीडशेच्या वर फ्रेम देतं, पण जड गेममध्ये सत्तरवर दम टाकतं. तेव्हा 144 चा मॉनिटर तेच चित्र दोन-दोनदा दाखवत बसतो. बाबांच्या भाषेत सांगायचं तर लोड आणि जनरेशन जुळलं पाहिजे. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर कार्डाच्या तालावर आपला वेग बदलतो, म्हणून चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. तेव्हा ज्युनियर्स हो, आधी आपलं कार्ड किती फ्रेम देतं ते मोजा, मग दुकानात जा. आणि घरी आल्यावर केबल आणि सेटिंग, दोन्ही तपासा!

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी बाबांना सोडायला गणेशपेठच्या बसस्टँडवर गेलो होतो. चंद्रपूरची गाडी लागायची होती. मी म्हटलं, "बाबा, तो मॉनिटर मी गेम खेळायलाच घेतला होता."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "रात्री फोन केला की मागे 'मार, मार' ऐकू येते. ऑटोकॅडवर एवढं कोण ओरडतं?"

मला काही सुचेना. गाडी लागली. बाबांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "त्या दिवशी दुकानदाराला खरं सांगितलं असतंस, तर त्यानेच सेटिंग करून दाखवलं असतं. चार महिने वाचले असते."

रागावले असते तर बरं झालं असतं. परत येऊन मी रूममेटला खुर्ची दिली. आता 144 वर होता. त्याने माऊस फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला.

"हो बे," तो म्हणाला, "आता दिसते."