एका शब्दाच्या गावी

गेल्या वर्षी एका परिसंवादासाठी दक्षिण आफ्रिकेस जाण्याचा योग आला. मुंबईहून निघाल्यावर अदिस अबाबा येथे विमान बदलावयाचे होते आणि दोन विमानांमध्ये जवळजवळ चौदा तासांचे अंतर होते. ‘तेवढा वेळ विमानतळावरच काढा, बाहेर काय आहे?’ असे तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी सुचविले. आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. इथिओपियाविषयी आमची माहिती बेताचीच होती. परंतु त्या देशाशी जोडलेला एक शब्द आम्ही वर्षानुवर्षे वर्गात उच्चारीत आलो होतो. आम्ही आधीच ई-व्हिसा काढून ठेवला. मोठे सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार होते, त्यामुळे सकाळी उतरलो तेव्हा खांद्यावर एक पिशवी तेवढी होती.

बोले विमानतळ शहराला अगदी लागून आहे. बाहेर पडताच थंड, विरळ हवा अंगाला लागली. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहूनही बरेच वर, वसलेले आहे. दिवसभरासाठी ठरविलेल्या टॅक्सीचा चालक पंचविशीतला, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारा होता. राष्ट्रीय संग्रहालयाच्या दाराशी आम्हांला सोडून तो म्हणाला, “सहा वाजता इथेच भेटू.” आम्ही चपापलो. संध्याकाळपर्यंत येथेच? तो हसला. त्याचे सहा म्हणजे आपले दुपारचे बारा. तेथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळी सातला त्यांचा एक वाजतो. पंचांगात सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्यांच्या घरात आम्ही वाढलो आहोत. हिशेब पटायला वेळ लागला नाही.

संग्रहालयात ‘ल्युसी’ आहे. १९७४ साली अफार प्रदेशातील हदार येथे सापडलेला हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. उंची जेमतेम साडेतीन फूट. पाहावयास ठेवलेली प्रतिकृती असते. मूळ अस्थी जपून ठेवलेल्या आहेत. ‘ल्युसी’ हे नाव संशोधकांच्या तळावर वाजत असलेल्या एका इंग्रजी गाण्यावरून पडले. अम्हारिक भाषेत मात्र तिला ‘दिन्कनेश’ म्हणतात. त्याचा अर्थ, ‘तू अद्भुत आहेस’. एकाच हाडांच्या जुडग्याला मिळालेली ही दोन नावे पाहून नाव कोण ठेवतो, कोठून ठेवतो, हा विचार मनात आला आणि तो दिवसभर सुटला नाही.

बाहेर पदपथावर एक विक्रेता अक्षरांचे तक्ते विकीत होता. इथिओपियाची गीझ लिपी सेमिटिक भाषांसाठी वापरली जात असूनही डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, आणि तिच्यात प्रत्येक व्यंजन स्वराप्रमाणे आकार बदलते. चालकाने बोट ठेवून एक ओळ वाचून दाखविली : ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. बाराखडीच ती, फक्त सातांची! आम्हीही त्याच्यामागे म्हणू लागलो. दोन प्रौढ अध्यापक रस्त्यात उभे राहून पाठ म्हणत आहेत, हे पाहून विक्रेत्याला फार मौज वाटली.

दुपारी एका मोठ्या जाहिरातफलकावरील अक्षरे लावण्याचा प्रयत्न करीत होतो. चालकाने मदत केली : “ह-बे-शा.” बिअरची जाहिरात होती. मग छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “हबेशा म्हणजे आम्ही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हाच तो शब्द. दहाएक वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात बखरीतील उतारा चालू असताना ‘हबशी’ हा शब्द आला. मागच्या बाकावरून कोणीतरी पहिल्या बाकावरील एका सावळ्या मुलाचे नाव घेतले. वर्ग हसला. शिक्षकही किंचित हसले, ‘अबिसिनियाचा रहिवासी’ असा अर्थ सांगून पुढच्या ओळीकडे वळले. तो मुलगा पुन्हा पहिल्या बाकावर बसला नाही. घरी आल्यावर ही गोष्ट आम्ही एकमेकांना सांगितली होती आणि तेथेच ठेवून दिली होती.

संध्याकाळी चालकाने त्याच्या ओळखीच्या एका लहानशा कॉफीघरात नेले. फरशीवर हिरवे गवत पसरलेले. एका बाईंनी आमच्यासमोरच दाणे भाजले, कुटले आणि ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळली. सोबत मक्याच्या लाह्या. कॉफी तीनदा द्यावयाची असते. तिसऱ्या फेरीचे नाव ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. दुसरा पेला हाती असताना चालकाने विचारले, “तुमच्याकडे कोणी हबेशा आहेत?”

मग आम्ही मलिक अंबराची हकीकत सांगितली. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या सैन्यात होते. जमीनमहसुलाची त्याची पद्धत ‘मलिकंबरी धारा’ म्हणून ओळखली जाते. त्याने वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. आमच्यापैकी एकीचे माहेर तेथले. अंबराने बांधविलेल्या नहरीच्या गोष्टी ऐकत ती वाढली. तो हरारकडचा होता असे मानतात, हेही सांगितले. तेथून आलेल्या सर्वांनाच दख्खनेत ‘हबशी’ म्हटले गेले. त्यांतील पुष्कळसे स्वतःला हबेशा म्हणवून घेणाऱ्यांपैकी नसावेत.

“हरार पूर्वेला आहे. गाडीने एक दिवस,” तो म्हणाला. जरा थांबून त्याने विचारले, “तो परत आला का?”

“नाही. १६२६ साली तिकडेच वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.”

बाईंनी तिसरा पेला भरला. त्या शब्दाने आमच्या भाषेत एखाद्याला हिणवतातही, हे त्याला सांगावे असे दोघांच्याही मनात आले होते. सांगितले नाही. पाहुणे म्हणून बसलो होतो, आशीर्वादाचा पेला हाती होता, हे कारण पुरेसे वाटले. वर्गातही असेच एखादे कारण पुरेसे वाटले असावे.

रात्री वेळेवर विमान मिळाले. अक्षरांचा तो तक्ता आता आमच्या विभागाच्या खोलीत लावला आहे. यंदा तोच उतारा शिकविताना आम्ही ‘हबशी’ या शब्दापाशी पूर्ण तासभर थांबलो. मलिक अंबर सांगितला, जंजिऱ्याचे सिद्दी सांगितले, आणि आपल्याच वर्गात पूर्वी काय झाले होते तेही सांगितले. त्या दिवशी कोणी हसले नाही. ज्याला ते ऐकवावयास हवे होते, तो मात्र केव्हाच पदवी घेऊन निघून गेला आहे.