सिस्टर, कोनले सांगू नका

वॉर्डात मनातलं बोलणं होतं ते रात्री दोननंतर. नातेवाईक पलंगाखाली चादर टाकून झोपलेले असतात, आणि बीपी बघायला आलेल्या सिस्टरचा हात धरून कपाशीवाला कोणी नाना म्हणतो, ‘सिस्टर, कोनले सांगू नका.’ पुढे काय येणार हे तिला ठाऊक नसतं. कर्ज असेल, घरातलं काही असेल, नाहीतर गोठ्यात वाशाला खोचून ठेवलेली फवारणीच्या औषधाची बाटली असेल.

जळगाव-धुळ्याच्या मुलींना मी मनोविकार परिचर्या शिकवते, आणि माझा अर्धा विषय या एका वाक्यात आहे. ‘नाही हो सांगत, बोला’ हे उत्तर चटकन तोंडून निघतं. त्यात माया आहे, पण पाळता येणार नाही असं वचनही आहे. म्हणून मुलींकडून मी दुसरं उत्तर घोटून घेते: ‘नाना, तुमचं बोलणं गावभर होणार नाही. पण तुमच्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर डॉक्टरांना सांगावं लागेल. आणि ते सांगण्याआधी मी तुम्हाला सांगेन.’ एखादा नाना यावर भिंतीकडे तोंड फिरवतो. फिरवू द्यावं. सिस्टरने स्टूल ओढून तिथेच बसावं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे असं तो म्हणतो, आणि धोका टाळण्यापुरतीच माहिती उघड करू देतो. हे ‘पुरतीच’ वॉर्डात फार जपावं लागतं. बाटलीचं डॉक्टरांना सांगायचं. थोरल्या मुलाने जमिनीवरून काय ऐकवलं, ते बाटलीसोबत जाता कामा नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं, त्याच्यावर खटला भरू नये, हेही याच कायद्यात आहे. तरी पोलिसांच्या जबाबाला भिऊन घरचे अजून ‘चुकून पेलं’ असंच सांगतात. ते खोडून काढण्याची घाई सिस्टरने करू नये.

ऐकण्याचा विषय निघाला की मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्या लेखणीमुळे. गुरुजी स्वतः केवढे भावनाशील, पण तिथे त्यांनी आपले शब्द बाजूला ठेवले आणि विनोबांचे येऊ दिले. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ च्या आपल्या पुस्तकात नर्स आणि रुग्ण यांच्या नात्यालाच शुश्रूषेच्या केंद्रस्थानी आणलं. आमच्या अभ्यासक्रमात त्या आहेतच. पण ‘ऐकणं म्हणजे काय’ हे शिकवताना मी मुलींना आधी त्या तुरुंगात नेते.

आता अवघड भाग. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. खानदेशाला त्यातलं एकही जवळ नाही. खवळलेला पेशंट येतो तो इथल्याच वॉर्डात. एक सिस्टर, एक मावशी, वॉर्ड भरलेला, आणि भाऊ म्हणतात, ‘बांधून टाका ना ताई.’ त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असेल आणि दुसरा उपाय उरला नसेल, तरच बांधता येतं, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. माणसं कमी आहेत एवढ्यावरून बांधू नये, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांनी रुग्णाच्या बाजूने फार मोठं काम केलं. पण त्या रात्री ते वाक्य पेलायचं असतं एकट्या सिस्टरला. दोन हात अंतर ठेवून, आवाज खाली आणून, ‘तुम्हाला कशाची भीती वाटतेय?’ असं ती विचारते, तेव्हा ती मानसोपचारच करत असते. तिच्या पगारपत्रकावर तसं लिहिलेलं नसतं, इतकंच.

हिवाळ्यात बरा होऊन गेलेला पेशंट भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन येतो. घ्यावी का? मी म्हणते, घ्यावी, वॉर्डाच्या नावाने, सगळ्यांसमोर. परत केली तर त्याच्या शेताचा अपमान होतो. पण मोबाइल नंबर मागितला तर द्यायचा तो ओपीडीचा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६.

आणि सिस्टरचं कोण ऐकणार? समुपदेशकाने अनुभवी माणसापुढे नियमाने बसून आपल्या केसेस उलगडाव्यात, ही या कामातली शिस्त आहे. ड्यूटी चार्टवर मात्र त्यासाठी रकाना नसतो. अवघ्या महाराष्ट्राचं दुःख मनाला लावून घेणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याची कारणं लावायचा मला अधिकार नाही. पण अमळनेरच्या वसतिगृहात मुलांची आजारपणं काढणाऱ्या या माणसाशेजारी त्या दिवसांत कोण बसत होतं, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. मेट्रनबाईंकडे माझं मागणं साधं आहे. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर वॉर्डात असतातच. आठवड्यातून एकदा त्या वेळेला जोडून एक तास चार्टवर लिहून टाका, दार लावून घ्या, आणि त्या तासात कुणालाही इंजेक्शनच्या ट्रेसाठी हाक मारू नका.