बोलण्याआधी विचारावे

बी.एड.च्या दोन वर्षांत पाठटाचणे होतात, सराव पाठ होतात, आंतरवासिता होते. दिव्यांगत्वाचे प्रकार आणि त्यांची लक्षणे भावी शिक्षक परीक्षेपुरती पाठ करतात. अशा मुलाच्या आईसमोर बसल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे, याचा सराव मात्र क्वचितच होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकार ७ वरून २१ केले. अध्ययन अक्षमताही त्यात आली. मुलासाठी वर्गाचे दार उघडले, पालक फाटकापाशीच राहिले.

व्यापारी घरांची अडचण आणखी निराळी. पालकसभेची वेळ नेमकी गिऱ्हाइकीची. त्यात मुलाची उणीव चारचौघांत गेली तर थोरलीच्या सोयरिकीला अडसर येईल, ही धास्ती घरात कोणी उघड बोलून दाखवत नाही. शाळा याला अनास्था म्हणते. तो शाळेचा उतावळेपणा आहे.

एका तालुक्याच्या गावी किराणा दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा वाचनात अडखळत असे. नव्या बाईंनी आईला बोलावून वहीतल्या चुका एकेक करून दाखवल्या. आईने मान डोलावली आणि पुन्हा शाळेत पाऊल टाकले नाही.

पुढे एका कार्यशाळेत शिक्षकांच्या जोड्या लावल्या गेल्या. एकाने पालक व्हायचे, दुसऱ्याने पाच मिनिटे केवळ ऐकायचे. बाईंना दोन मिनिटेही गप्प बसवेना. सर्व प्रशिक्षणात त्यांना तेवढेच लक्षात राहिले.

मग एका दुपारी, दुकान थंड असताना, त्या स्वतः गेल्या.

“शेठ, इथे तो काय काय करतो?”

“कोणता माल कुठल्या फळीवर, न बघता सांगतो. हिशेब तोंडी. पण यादी वाच म्हटले की त्याच्या पोटात दुखते.”

शाळेतही सकाळी त्याचे पोट दुखे. बाई ते निमित्त समजत होत्या. साबुदाणा, हरभराडाळ, मोहरी या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून वाचन नव्याने सुरू झाले. वडिलांनी एकच अट घातली: सभेत नाव घ्यायचे नाही. बाईंनी ती पाळली.

जोडाक्षरे अजून अडतात. तपासणीचा अर्ज वर्षभर गल्ल्याखाली पडून होता, त्यावर वडिलांची सही झाली. थोरलीचे जमेपर्यंत थांबा, असे आजी अजून म्हणतात. आई मात्र तारीख घेऊन आली आहे.